यंत्राची बॅटरी : पारख वैशाखात, निर्णयही वैशाखातच

तळा तालुक्याची शेती ही मुख्यत्वे पावसाच्या भाताची शेती आहे. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी-वरी आणि खालच्या सपाटीवर भात, ही तिची पिढ्यान्‌पिढ्यांची मांडणी. मांडणी तीच राहिली, पण ती सांभाळणारे हात मात्र कमी झाले. तरुण मंडळी मुंबई-पुण्याकडे गेली, बैलजोड्या घटल्या, आणि त्यांच्या जागी पॉवर टिलर, ट्रॅक्टर व मालवाहू टेम्पो आले. चिखलणीपासून भाताचे भारे खळ्यावर आणण्यापर्यंतची कितीतरी कामे आता या यंत्रांवर अवलंबून आहेत. काही टिलर हॅण्डल मारून सुरू होतात. परंतु ट्रॅक्टर, टेम्पो व सेल्फवर चालणारे टिलर यांचा पहिला श्वास बॅटरीच्या हाती असतो. इंजिन उत्तम, डिझेल भरलेले, चालक तयार, आणि बॅटरी मात्र मेलेली, असे झाले की सारे काम ठप्प होते. ही बॅटरी किती काळ टिकते आणि ती केव्हा बदलावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ मिस्त्रीचा नसून शेतीचाही आहे.

या बाबतीत दोन सवयी सर्वत्र दिसून येतात. पहिली सवय ‘चालते तोवर चालू द्या’ ही. बॅटरीने पुरती मान टाकेपर्यंत तिच्याकडे ढुंकूनही पाहावयाचे नाही, आणि मग भर पावसात गाडी करून बाजारपेठ गाठावयाची. दुसरी सवय याच्या उलट आहे. ‘तीन वर्षे झाली, आता बदला’ असे कोणी सांगितले की चांगली बॅटरीही काढून नवी बसवावयाची. पहिल्या सवयीने लावणीचा खोळंबा होतो, दुसरीने पैसा वाया जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की बॅटरीचे आयुष्य केवळ वर्षांवर मोजू नये आणि तिच्या मरणाचीही वाट पाहू नये. दरवर्षी वैशाखात तिची पारख करावी, आणि त्या पारखीच्या आधारेच ठेवावयाची की बदलावयाची हा निर्णय त्याच वेळी घ्यावा.

शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. बाजारात बैल घेताना तो विकणाऱ्याने सांगितलेल्या वयावर विसंबत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. बॅटरीलाही असेच दात आहेत. ते कसे पाहावयाचे एवढेच शिकून घ्यावयास हवे.

कामाने नव्हे, बसून मरते

सन १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे व आम्ल यांची पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी बनविली. आज आपल्या ट्रॅक्टरमध्ये बसते ती तिचीच सुधारलेली वंशज होय. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या गंधकाम्लाच्या पाण्यात बुडालेल्या असतात व प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. वीज खर्च होऊ लागली की आम्लातील गंधकाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि शिशाचे सल्फेट तयार होते. बॅटरी चार्ज केली की हे सल्फेट विरघळून पट्ट्या पुन्हा मोकळ्या होतात.

बॅटरी उतरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने पडून राहिली की हेच सल्फेट कडक स्फटिकांच्या रूपाने घट्ट बसते. मग कितीही चार्जिंग केले तरी ते सहजी सुटत नाही, आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. शिवाय बॅटरी नुसती ठेवली तरीही आतल्या आत उतरत असते. उष्णतेने हा क्षय वाढतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचा वेग साधारणतः दुप्पट होतो. थंड देशांत बॅटरी हिवाळ्याच्या सकाळी दगा देते, म्हणून तेथे थंडीला दोष देतात. आपल्याकडे तिचे खरे नुकसान पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर चालू असते, आणि ते पहिल्या पावसात उघडकीस येते, इतकेच.

आता आपल्या कामाचे वर्ष पाहा. ज्येष्ठ-आषाढात चिखलणीची धांदल, मग भात निसवेपर्यंत विश्रांती, कापणीनंतर मळणी व वाहतूक, आणि त्यापुढे पावसापर्यंत बरीचशी यंत्रे उभीच असतात. ज्या भागात बारमाही बागायत आहे तेथील ट्रॅक्टर रोज चालतो आणि चालता चालता त्याची बॅटरी भरत राहते. एकपिकी कोकणात ती सोय नाही. येथील बॅटरी श्रमाने झिजून मरत नाही, तर उपाशी बसून मरते. उन्हाळ्यात नांगर नाही म्हणून बैलाची वैरण कोणी बंद करीत नाही. बॅटरीच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो, आणि मृगाच्या तोंडावर तिला जू ओढावयास सांगतो.

वर्षांचा हिशेब आणि दिवसाचा हिशेब

इंजिन सुरू करण्यासाठी वापरली जाणारी शिसे-आम्ल बॅटरी आपल्या हवामानात साधारणतः तीन ते पाच वर्षे टिकते. हेळसांड झाली तर ती दीड-दोन वर्षांतही संपते. तीन वर्षे आणि पाच वर्षे यांत जे अंतर आहे, ते बहुतांशी निगराणीचे अंतर आहे.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. बॅटरीची किंमत आठ हजार रुपये धरली, तर तीन वर्षांत ती संपल्यास वर्षाला सुमारे २,६६७ रुपये पडतात. पाच वर्षे टिकल्यास १,६०० रुपये. म्हणजे चांगल्या निगेने वर्षाला हजाराच्या वर बचत होते. परंतु याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. लावणीसाठी आठ मजूर बोलाविले आहेत, रोज पाचशे रुपये धरला आहे, आणि सकाळी ट्रॅक्टर सुरूच झाला नाही. चिखलणी नाही म्हणून लावणी नाही. त्या एका दिवसाची मजुरी चार हजार होते. जुनी बॅटरी आणखी एक वर्ष रेटून जे वाचविले, त्याहून अधिक एका सकाळीच गेले.

रोपांचा हिशेब तर पैशांत मांडताही येत नाही. हळव्या जातींची रोपे २१ ते २५ दिवसांची असतानाच लावावी लागतात. रोप वाफ्यातच वयस्क झाले की फुटवे कमी येतात, आणि त्याची भरपाई पुढे खताने होत नाही. ट्रॅक्टर एकाचा असला तरी त्याच्या पाळीची वाट पाहणारे दहा जण असतात. एक दिवस चुकला की दहाही जणांच्या पाळ्या पुढे सरकतात, आणि ज्याचे शेत शेवटी, त्याचे रोप सर्वांत जास्त जून होते. तो बहुधा स्वतःचे यंत्र नसलेला लहान शेतकरीच असतो.

वैशाखच का?

कारण त्यानंतर वेळ आपल्या हातात राहत नाही. सन २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच कोकणात आला आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची पूर्वी नोंद नव्हती. ‘जूनच्या पहिल्या आठवड्यात पाहू’ म्हणणाऱ्यांना त्या वर्षी ती संधीच मिळाली नाही. त्यापूर्वी ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात धडकले. दक्षिण रायगडातील विजेचे खांब भुईसपाट झाले व अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. वीजच नाही तेथे बॅटरी चार्ज कशी व्हावी? पावसाच्या तोंडावर करावयाचे काम वादळाने एका दुपारीत अशक्य करून ठेवले.

अक्षय्य तृतीयेपासून मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ या कामासाठी योग्य होय. तेव्हा वीज असते, रस्ते कोरडे असतात, माणगाव-रोह्याच्या बाजारात जाऊन चार ठिकाणी भाव विचारता येतो, आणि मिस्त्रीलाही सवड असते. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

पारख कशी करावी

यासाठी दोन साधी साधने पुरेशी आहेत : व्होल्ट मोजणारा मल्टीमीटर आणि बॅटरीच्या पाण्याची घनता मोजणारा हायड्रोमीटर. बॅटरी प्रथम पूर्ण चार्ज करावी. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका ठेवावा. म्हणजे ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीस ८ अँपिअर. त्यानंतर तारा काढून ती रात्रभर तशीच ठेवावी व सकाळी पुढील परीक्षा घ्याव्यात.

पहिली परीक्षा विश्रांतीतील दाबाची. उत्तम बॅटरी सकाळी १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दाखविते. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. पूर्ण चार्ज करूनही सकाळी काटा १२.४ च्या खाली असेल, तर बॅटरी वीज धरून ठेवीत नाही असे समजावे.

दुसरी परीक्षा घनतेची. भरलेल्या बॅटरीच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व साधारणतः १.२४० ते १.२६० असते. आकड्याहूनही कप्प्याकप्प्यांतील फरक महत्त्वाचा. पाच कप्पे सारखे आणि एकच कप्पा ०.०५० किंवा अधिक मागे असेल, तर तो कप्पा बाद झाला आहे. सहा बैलांच्या नांगरात एक लंगडा असला की सारा नांगर लंगडतो, तसेच येथेही. पाणी घातल्याबरोबर लगेच ही परीक्षा घेऊ नये. आकडा फसवा येतो. ज्या बंद बॅटऱ्यांना बुचे नसतात त्यांच्यावर हिरवा डोळा असतो. पण तो एकाच कप्प्याची बातमी देतो, सहाही कप्प्यांची नव्हे, हे लक्षात ठेवावे.

तिसरी परीक्षा ओझ्याची. एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने मल्टीमीटर पाहावा. सेल्फ फिरत असताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर लावणीच्या दिवसांत या बॅटरीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

मात्र बॅटरीला दोषी ठरविण्यापूर्वी इंजिन सुरू करून आणखी एक आकडा पाहावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावयास हवेत. तेवढे दिसत नसतील तर दोष डायनॅमोचा, पट्ट्याचा किंवा तारेचा आहे. अशा वेळी नवी बॅटरी बसविली तरी तीही महिन्याभरात उतरते, आणि मालक दुकानदाराला नावे ठेवतो. उलट १४.८ च्या वर दाब जात असेल तर बॅटरी उकळते व तिचे पाणी वारंवार आटते. तारांची टोके पांढरी-हिरवी झाली असतील तर प्रथम ती साफ करून मगच परीक्षा घ्यावी. खाडीकडील खाऱ्या व दमट हवेत हा प्रकार अधिक होतो, आणि कित्येकदा मेलेली वाटणारी बॅटरी केवळ एवढ्यानेच उठून बसते.

या सर्व गोष्टी तपासूनही तीनपैकी एखाद्या परीक्षेत बॅटरी स्पष्टपणे नापास झाली, किंवा तिचे पेटारे फुगले वा तडकले असेल, तर ती तेव्हाच बदलावी, मग ती दोन वर्षांची का असेना. आणि तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण झाली, तर चार वर्षांची असली तरी ती ठेवावी. चौथ्या वर्षानंतर मात्र वैशाखाबरोबरच दिवाळीतही, मळणीच्या आधी, एकदा पारख करणे हिताचे ठरते.

उन्हाळ्यातील वैरण

बॅटरी दीर्घकाळ टिकविण्याचे उपाय फारसे खर्चाचे नाहीत. यंत्र पंधरवड्याहून अधिक उभे राहणार असेल तर बॅटरीचे मायनसचे टोक सोडून ठेवावे. सोडताना मायनस आधी सोडावे आणि जोडताना शेवटी जोडावे, म्हणजे पाना निसटला तरी ठिणगी उडत नाही. महिन्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या तारखेस, बॅटरी पूर्ण चार्ज करावी. पाच मिनिटे इंजिन चालवून बंद केल्याने चार्जिंग होते, हा समज चुकीचा आहे; सेल्फने घेतलेली वीज तेवढ्यात जेमतेम भरून निघते.

पाण्याची पातळी पट्ट्यांच्या वर सुमारे एक ते दीड सेंटिमीटर असावी. ती कमी झाल्यास बाजारात ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून मिळणारे ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. विहिरीचे, नळाचे वा साठविलेले पावसाचे पाणी कदापि घालू नये. त्यातील लोह व क्षार पट्ट्यांचा नाश करतात. आपल्याकडील जांभ्याच्या जमिनीतील पाण्यात तर लोहाचा अंश असण्याचा संभव अधिक. वरून आम्लही घालू नये, कारण आटते ते पाणी, आम्ल नव्हे. टोके खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडी करावीत व त्यांवर व्हॅसलीन लावावे. चार्जिंगच्या वेळी ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून खोली हवेशीर असावी आणि जवळ विडी वा काडी पेटवू नये.

वीज गेल्यावर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रात्रभर दिवे लावण्याचा, किंवा रानडुकरांसाठी लावलेल्या झटका कुंपणास तीच बॅटरी जोडण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरावा. सेल्फची बॅटरी क्षणभर मोठा जोर लावण्यासाठी बनविलेली असते. संथपणे पुरती रिकामी होणे तिला सोसत नाही. त्या कामासाठी वेगळ्या बांधणीच्या बॅटऱ्या मिळतात.

गावांत आता विजेवर चालणाऱ्या दुचाक्याही दिसू लागल्या आहेत. त्यांतील लिथियमच्या बॅटरीचा नियम निराळा आहे, तोही सांगून ठेवतो. शिशाची बॅटरी ठेवताना भरलेली ठेवावी. लिथियमची दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास सुमारे निम्मी भरलेली, थंड व सावलीच्या जागी ठेवावी. एकीचा नियम दुसरीला लावल्यास दोन्हींचे आयुष्य घटते.

बदललेल्या बॅटरीचे काय?

बॅटरी बदलली म्हणजे काम संपले असे नाही. जुन्या बॅटरीतील शिसे पुन्हा वितळवून वापरता येते, म्हणून तिला मोल असते. आणि तेच शिसे घातक विष आहे, म्हणून तिची जोखीमही असते. आफ्रिकेतील सेनेगल देशात, डाकारजवळच्या एका वस्तीत, उघड्यावर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचा व्यवसाय चाले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथे १८ लहान मुले शिशाच्या विषबाधेने दगावली. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम थोड्या मात्रेनेही होतो, आणि झालेले नुकसान भरून येत नाही.

यास्तव जुनी बॅटरी अंगणात फोडू नये, तिचे पाणी शेतात, ओढ्यात वा खाडीत ओतू नये, आणि रिकाम्या पेटाऱ्याचा पाण्यासाठी वा गुरांच्या खाद्यासाठी उपयोग करू नये. सन २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे द्यावी, तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी, व पक्के बिल मागावे. फेरीवाला पन्नास रुपये अधिक देतो म्हणून त्याच्या हाती ती देणे म्हणजे कुणाच्या तरी अंगणात विष पाठविणे होय. नवी बॅटरी घेताना तिच्यावरील निर्मितीचा महिनाही पाहावा. दुकानात बराच काळ पडून राहिलेली बॅटरी नवी असली तरी अर्धवट उपाशीच असते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वतःच्या कामाविषयी. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाल्यापासून अनुदानावर पुष्कळ यंत्रे शेतकऱ्यांकडे, गटांकडे व अवजार बँकांकडे आली. यंत्र आले की आपण पाहणी करतो, छायाचित्र घेतो व नोंद करतो. परंतु आपल्या पाहणीत ‘यंत्र आहे काय?’ एवढाच प्रश्न असतो. यापुढे ‘यंत्र सुरू होते काय?’ हा प्रश्नही असावा असे मला आग्रहाने वाटते. उभे राहिलेले यंत्र कागदावर पूर्ण दिसते आणि शेतात शून्य ठरते.

यासाठी मोठी योजना नको. प्रत्येक अवजार बँकेने एक मल्टीमीटर, एक हायड्रोमीटर आणि एक चार्जर ठेवावा. एक साधी वही ठेवून तीत बॅटरी बसविल्याची तारीख, दरमहाच्या चार्जिंगची सही आणि वैशाखातील तिन्ही परीक्षांचे आकडे लिहावेत. हे काम ‘सर्वांचे’ न ठेवता एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे, कारण सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे. बचत गटांतील भगिनी हिशेबाच्या वह्या चोख ठेवतात. ही वहीही त्यांच्याकडे दिल्यास ती रिकामी राहणार नाही. खरीपपूर्व सभांत आपण बियाणे व खत यांविषयी बोलतो, त्याच सभेत दहा मिनिटे गावातील एक ट्रॅक्टर आणून त्याच्या बॅटरीची पारख सर्वांसमक्ष करून दाखवावी. एकदा डोळ्यांनी पाहिलेले शेतकरी विसरत नाही.

पाऊस केव्हा येईल हे आपल्या हाती नाही. तो येईल त्या सकाळी यंत्र सुरू होईल एवढी तजवीज मात्र आपल्या हाती आहे, आणि तिच्यासाठी लागतो तो वैशाखातील एक दिवस.